थोझामाचा आवाज आणि दुसरीचे तोंड

थोझामा गोबोडो ही जन्मजात गायिका नव्हती. हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवते, कारण तिच्याविषयी ज्यांनी ज्यांनी तोंड उघडले, त्यांपैकी बहुतेकांनी याच्या नेमके उलट सांगितले आहे, आणि ते ऐकून ऐकून मला शिसारी आली आहे. निसर्गाची देणगी, रानातला झरा, रक्तातले गाणे अशी विशेषणे तिला लावण्यात आली. त्यांपैकी एकही खरे नाही. मी गुगुलेथू या शहराबाहेरच्या काळ्यांच्या वस्तीत तिच्या शेजारच्या घरात राहते. चर्चच्या संगीतमंडळात ती उंच आवाजाच्या, म्हणजे सोप्रानो बायकांच्या रांगेच्या टोकाला उभी राहत असे आणि मी खालच्या आवाजाच्या रांगेच्या टोकाला. त्यामुळे तिचा आवाज कसा घडला हे मी शेजारी उभी राहून ऐकले आहे.

ती प्रथम मंडळात आली तेव्हा शाळा सोडून नुकतीच बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात लागली होती. आमचे संगीतशिक्षक ताता ग्वादिसो यांनी तिला एक ओळ म्हणायला लावली आणि डोळे मिटून घेतले.

"पोरी, फाटक्या पोत्यातून पीठ गळतं ना, तसा तुझा आवाज आहे," ते म्हणाले. "घरी पोहोचेपर्यंत पोतं रिकामं."

"मग पोतं शिवायला शिकवा, ताता," थोझामा म्हणाली.

मागच्या रांगेतली पुरुष मंडळी हसली. ताता हसले नाहीत. त्यांनी आपला स्वरकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि तिला स्वर दिला. त्या दिवसापासून शिवणकाम सुरू झाले.

आमच्या वस्तीतल्या मंडळांत गाणे पाच रेघांच्या लिपीत लिहीत नाहीत. मिशनऱ्यांनी आमच्या आजोबांना डो-रे-मीची अक्षरे शिकवली, आणि तीच आम्ही अजून वापरतो. तातांच्या भिंतीवर त्या अक्षरांचा एक मेणकापडी तक्ता होता. ते छडी फिरवीत आणि चाळीस माणसे छडीमागून चढत-उतरत. युरोपातल्या मोठमोठ्या ऑपेरांमधली गाणी आम्ही याच अक्षरांवरून बसवीत असू. स्पर्धांसाठी ती नेमलेली असत. ज्यांच्या स्वतःच्या घरात न्हाणीघर नाही अशी माणसे मातीच्या अंगणात उभी राहून इटलीच्या राजवाड्यांतली भांडणे गात, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नसे.

थोझामा श्वास घ्यायला कारखान्यात शिकली. हातातली सुरी माशाच्या मानेपासून शेपटीपर्यंत एका ओढीत गेली पाहिजे, असा तिथला नियम होता. तिने ठरवले की एका माशाला एक श्वास. मोठा मासा आला की श्वासही मोठा. मुकादम ओरडत असे की ही बाई माशाशी काय कुजबुजते. इटालियन शब्द ती शेजारच्या न्यांगा वस्तीतल्या मिशनमधल्या एका म्हाताऱ्या इटालियन पाद्र्याकडून शिकली. तो दातांची कवळी काढून शिकवीत असे आणि उच्चार चुकला की टेबलावर चमचा आपटीत असे. तिच्या पाठीला कायमचे दुखणे लागले, कारण दिवसभर वाकून काम आणि संध्याकाळी ताठ उभे राहून गाणे, या दोन्हींचा मेळ पाठ किती दिवस सांभाळणार? हे सर्व मी पाहिले आहे. यात रानातला झरा कुठे होता ते कुणी मला दाखवावे.

पुढे तिचे नाव झाले. स्पर्धेत आमचे मंडळ असले की दूरच्या वस्त्यांतून लोक टॅक्सीत दाटीवाटीने बसून येत. आमच्यात गाणे मनाला भिडले तर ऐकणारा गप्प बसत नाही. तो जागेवरून उठतो आणि गाणाऱ्याच्या कुळातल्या पूर्वजांची नावे मोठ्याने घेतो. थोझामा बेले कुळातली, म्हणजे वडीलधाऱ्यांची माबेले, म्हणून लोक म्हणत, "बेले, खुबोनी, दुंजाने." मग गाणारा गाणे न थांबवता मान वळवून नाव घेणाऱ्याकडे बघतो. ते बघणे हेच उत्तर. आपल्या पूर्वजांची नावे घेतली गेली आणि आपण बघितले नाही, तर तो घेणाऱ्याचाही अपमान आणि मेलेल्यांचाही.

गोऱ्यांचे सरकार जाऊन आमचे आल्यानंतर शहरातल्या ऑपेरागृहाला एकाएकी आमची आठवण झाली. तिथल्या समूहगायनात काळे चेहरे दिसावेत अशी वरून अपेक्षा होती. थोझामाने चाचणी दिली आणि ती निवडली गेली. कारखान्यातले काम तिने अर्ध्या दिवसाचे करून घेतले. ऑपेरागृहाचे प्रमुख मिस्टर हार्टविख हे होते. उंच, मृदुभाषी, नेहमी रेशमी रुमाल गळ्याभोवती. चाचणीनंतर ते तिला म्हणाले, "अप्रतिम. तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं हे."

"माझ्या रक्तात नाही, मिस्टर हार्टविख," थोझामा म्हणाली. "पाठीत आहे. पावसाळ्यात जास्त दुखतं."

ते खूप हसले, आणि पुढे कित्येक मेजवान्यांमध्ये त्यांनी हा विनोद स्वतःच्या नावावर सांगितला.

तिथे तिला दासी मिळाली, भविष्य सांगणारी म्हातारी मिळाली, पुन्हा दासी मिळाली. दासीसाठी तिच्या मूळच्या काळ्या चेहऱ्यावर आणखी काळा रंग लावीत, कारण प्रेक्षकांना लांबून कळले पाहिजे. समूहात गावकरीण असली की उलट राखाडी पावडर थापीत, कारण सगळे गावकरी सारखे दिसले पाहिजेत. एकदा ती पावडर घाईत न पुसता घरी आली. तिची आई नोवेथू दारातच बसली होती.

"हे काय गं?" नोवेथू म्हणाली. "डोंगरावरून सुंता करून आलास वाटतं, बाळा. ये, तुझ्यासाठी बकरा कापायला सांगते."

आमच्याकडे सुंतेच्या मुलांना पांढरी माती फासतात, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. थोझामाही हसली. मग ती नळाशी गेली आणि तिने तोंड इतके घासले की कानशिलाची कातडी सोलली गेली. मी टॉवेल घेऊन उभी होते. तो टॉवेल मी नंतर धुतला नाही, टाकून दिला.

तिच्याविषयी तिथे आणखी एक गोष्ट पसरवण्यात आली. तिला पाच रेघांच्या लिपीतली वही दिली की ती पेन्सिलीने खाली डो-रे-मी लिहून घेत असे. पियानो वाजवणाऱ्या बाईने ते पाहिले आणि सगळीकडे सांगितले की हिला संगीत वाचता येत नाही, ही पोपटासारखी ऐकून म्हणते. वस्तुतः ती दोन लिप्या वाचत होती आणि त्या बाईला एकच येत होती. पण ऑपेरागृहात जी गोष्ट एकदा चिकटते ती चिकटते. आवाज चांगला, पण अक्कल बेताची, अशी तिची ख्याती झाली.

त्या वर्षी एक मोठा ऑपेरा बसवला जात होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या राणीची कथा होती. राजाला पदभ्रष्ट करतात, आणि दुसऱ्या अंकात राणी एकटी उभी राहून एक दीर्घ गाणे गाते. राणीचे काम तिथल्या मुख्य गायिका, गोऱ्या एल्साबे रू यांच्याकडे होते. थोझामाला राणीची दासी दिली होती, आणि राणीची बदली गायिका म्हणूनही तिचेच नाव लावले होते. बदली गायिकेला संधी सहसा मिळत नाही, हे सर्वांना माहीत होते. तरीही तिने ती भूमिका अक्षर न अक्षर तयार केली. दुसऱ्या अंकातले ते गाणे ती आमच्या अंगणात गाई तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसे सायकल थांबवून उभी राहत. तिला एकच हवे होते. ते गाणे पूर्ण वाद्यवृंदासह, राणीच्या वेशात, लोकांसमोर उभे राहून एकदा गायचे होते. यापेक्षा जास्त तिने कधी मागितल्याचे मला आठवत नाही.

शनिवारी दुपारच्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी निरोप आला की एल्साबे रू यांचा आवाज बसला आहे आणि थोझामाने लवकर यावे. ती काही न खाता गेली. वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. पण शनिवार हा आमच्याकडे अंत्यविधींचा दिवस, आणि त्या दिवशी चर्चच्या महिला संघातल्या एका बहिणीला पुरायचे होते. पाद्रीबाबांनी प्रार्थना आखडती घेतली. कुणीतरी म्हणाले की मृत बहीण स्वतः सोप्रानो होती, ती समजून घेईल. कबरीवर माती पडताच आम्ही तशाच संघाच्या गणवेशात, लाल जाकीट, काळा घागरा आणि पांढरी टोपी घालून, बसमध्ये चढलो. बसमध्ये ताता ग्वादिसो सर्वांना दम देत होते.

"तिथं मध्येच उठून नावं घ्यायची नाहीत. ते गोऱ्यांचं नाट्यगृह आहे. गाणं संपेपर्यंत हात मांडीवर."

"आणि हात स्वतःच उठले तर, ताता?" नोवेथूने विचारले.

"तर त्यांच्यावर बसा."

आम्ही बाल्कनीत बसलो. तिकडे पडद्यामागे काय घडत होते ते थोझामाने मला नंतर सांगितले, तसेच लिहिते.

राणीचा झगा तिच्या अंगावर चढवून शिवणारी बाई कमरेची शिवण उसवत होती. तेवढ्यात मिस्टर हार्टविख आले आणि शिवणारीला बाहेर जायला सांगितले.

"थोझामा, आज तुझा मोठा दिवस आहे," ते म्हणाले. "आज तू राणी गाणार. आम्ही फक्त एक छोटीशी व्यवस्था केलीय."

व्यवस्था अशी होती. राणीच्या वेशात एल्साबे रू रंगमंचावर उभ्या राहतील आणि ओठ हलवतील. थोझामा विंगेत काळ्या कपड्यांत उभी राहून गाईल.

"बाईंचा आवाज गेला आहे, पाय गेलेले नाहीत," थोझामा म्हणाली. "माझेही गेलेले नाहीत. मी का उभी राहू नये?"

"हे बघ, मी स्वतः असल्या गोष्टी मानत नाही. तुला माहीतच आहे. पण कथा बर्फाच्या देशातली आहे. राणीची मुलगी सोनेरी केसांची दाखवलीय. लोक गोंधळतील. आणि शेवटी आवाजच महत्त्वाचा, नाही का?"

"आवाजच महत्त्वाचा असेल तर चेहरा माझा असला म्हणून काय बिघडतं?"

त्यांनी रुमाल सारखा केला. "तू नाही म्हणालीस तर प्रयोग रद्द होईल. वर तुझी माणसं येऊन बसलीत, म्हणे. त्यांना परत पाठवू?"

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात उच्चारून पाहिले आहे. दर वेळी तोंडाला तीच कडू चव येते. आमच्याच माणसांचा गळफास करून त्याने तो तिच्या गळ्यात टाकला.

थोझामाने एक अट घातली. पडदा वर जाण्यापूर्वी तिचे नाव घेऊन घोषणा झाली पाहिजे. मिस्टर हार्टविख यांनी तिचा हात हातात घेऊन होकार दिला. मग झगा उतरवण्यात आला.

पडद्यासमोर एक तरुण आला आणि म्हणाला की एल्साबे रू यांना बरे नाही, तरीही रसिकांच्या प्रेमापोटी त्या रंगमंचावर येत आहेत, आणि गायनात त्यांना एक सहकारी साहाय्य करतील. टाळ्या पडल्या. थोझामाचे नाव त्याने घेतले नाही. आम्हाला त्यातून काहीच बोध झाला नाही. आम्ही दासींच्या गर्दीत थोझामाला शोधत राहिलो.

मग राणी आली. उंच, सोनेरी केसांची, गळ्यात खडे. तिने तोंड उघडले आणि थोझामाचा आवाज आला.

मी खोटे लिहीत नाही. पहिली ओळ पुरी होण्याआधीच बाल्कनीतल्या सगळ्या लाल जाकिटांनी एकमेकींकडे पाहिले. तो श्वास आम्हाला माहीत होता. तो शेवटचा स्वर किंचित मागे ओढून सोडणेही आम्हाला माहीत होते.

"माटोलो," नोवेथू मला माझ्या कुळाच्या नावाने हाक मारून कानात म्हणाली, "आवाज माझ्या पोरीचा आहे. तोंड कुणाचं आहे?"

"बघ, विंगेत असेल कुठंतरी."

"विंगेत? विंगेत काय करतेय? झाडू मारतेय?"

आमच्या पुढच्या ओळीत वस्तीच्या दुसऱ्या टोकाकडच्या काही बायका बसल्या होत्या. त्यांना दृष्टी कमी, पण कान शाबूत. त्यांना वाटले की रंगभूषेने थोझामाला ओळखू येऊ नये इतके गोरे केले आहे. तिथे असे करतात हे त्यांनी आमच्याकडूनच ऐकले होते. अंकाच्या शेवटी आवाज वर चढला, टिकला आणि हळू उतरला, तेव्हा त्यांच्यातली एक उठली आणि तिने मोठ्याने हाक दिली, "बेले!" मग दुसरी उठली, "खुबोनी!" सवय ही अशी वस्तू आहे की एकीने घेतले की दुसरीला राहवत नाही. तातांचा दम कुणाला आठवला नाही. नोवेथूही उठली. तिने आपल्या सासऱ्याचे नाव घेतले, त्याच्या बापाचे घेतले, आणि शेवटी हात वर करून म्हणाली, "दुंजाने!"

खाली बसलेल्या गोऱ्या लोकांना वाटले की हा आमचा जयजयकार आहे. तेही टाळ्या वाजवत उठले. आणि रंगमंचावर एल्साबे रू यांनी मान वळवली, बाल्कनीकडे बघितले, हात छातीशी नेला आणि वाकून नमस्कार केला.

नोवेथू मटकन खाली बसली. आमच्या पूर्वजांना उत्तर मिळाले होते, आणि ते एका परक्या बाईने दिले होते. तिने ज्या नावांना मान लववली ती कुणाची आहेत, हे तिला ठाऊकही नव्हते.

"माझ्या सासऱ्याची नावं त्या बाईनं खाल्ली," नोवेथू अखेर म्हणाली. "माझ्यासमोर खाल्ली. आणि मीच वाढली."

मध्यंतरात आम्ही दोघी मागच्या दाराने आत गेलो. दारवान आमच्याच वस्तीतला होता, त्याने मान दुसरीकडे केली. थोझामा विंगेत वाळूच्या बादल्यांशेजारी उभी होती. समोर वहीचा स्टँड, त्याला एक छोटा दिवा. आईला पाहताच ती म्हणाली, "हाका मी ऐकल्या, आई. मी बघितलं तुमच्याकडे. मध्ये पडदा होता."

नोवेथूने तिचे तोंड दोन्ही हातांत धरले. "चल घरी."

"दुसऱ्या अंकात ते गाणं आहे."

"माहीत आहे मला. रोज अंगणात ऐकते."

"वाद्यवृंदाबरोबर मी ते कधीच गायले नाही. तालमीतसुद्धा नाही. आज पहिल्यांदा."

नोवेथूने तिच्या गालांवरचे हात काढून घेतले. आमच्यापैकी कुणीही तिला थांब किंवा गा असे सांगू शकत नव्हते. तिने स्टँडवरचा दिवा विझवला, पुन्हा लावला, आणि मग सरळ रंगभूषेच्या खोलीकडे चालू लागली. आम्ही तिच्या मागे गेलो.

खोलीत एल्साबे रू गळ्याला शाल गुंडाळून बसल्या होत्या आणि मिस्टर हार्टविख त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. थोझामाने दोघांना एकदमच सांगितले, आवाज न चढवता.

"दुसऱ्या अंकात मी झगा घालून रंगमंचावर उभी राहीन, नाहीतर आईजवळ बाल्कनीत बसेन. विंगेत उभी राहणार नाही. आताच सांगतेय, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको."

एल्साबे रू यांच्या घशातून खरखर आली. "मला सकाळीच घरी जायचं होतं," त्या कुजबुजल्या. "यांनी जाऊ दिलं नाही."

त्या क्षणी मला त्यांची दया येऊ लागली होती. ती मी थांबवली, कारण त्या उठून घरी गेल्या नाहीत.

"थोझामा दमली आहे," मिस्टर हार्टविख हसून म्हणाले. "तिला पाणी द्या. असली संधी ती सोडणार नाही. जिथून आलीय तिथं परत कोण जाईल?" हे ते आमच्यासमोर, जणू आम्ही खुंटीवरचे कपडे आहोत अशा रीतीने, एल्साबे रू यांना सांगत होते.

थोझामा वर आली आणि माझ्या व नोवेथूच्या मध्ये बसली. ताता ग्वादिसो मागच्या ओळीत होते. ते पुढे वाकले.

"तू इथं काय करतेस? तुझा प्रवेश आहे."

"मी इथंच आहे, ताता."

"हे बघ माबेले, मी कारण विचारत नाही. गाणाऱ्यानं प्रवेश चुकवायचा नसतो. विहिरीत उभं केलं तरी गायचं. गाणं आधी, आपण नंतर."

"तुम्ही मला तोंड उघडायला शिकवलंत, ताता," थोझामा मागे न बघता म्हणाली. "ते माझं तोंड होतं."

पडदा वर गेला. खोटा बर्फ पडू लागला. वाद्यवृंदाने त्या गाण्याचा आरंभ वाजवला. मी तो कधी ऐकला नव्हता, अंगणात वाद्ये कुठून असणार? फार सुंदर होता, हे लिहिणे भाग आहे. एल्साबे रू पुढे आल्या, त्यांनी हात पसरले आणि तोंड उघडले.

काहीच आले नाही. वाद्ये एकटीच पुढे गेली. वाद्यवृंद चालवणाऱ्याला वाटले की विंगेतल्या बाईची जागा चुकली. त्याने हाताने खूण करून आरंभ पुन्हा वाजवायला लावला. पुन्हा तोंड उघडले, पुन्हा शांतता. खाली कुणीतरी खोकले. माझा दंड थोझामाच्या कुशीला टेकला होता, आणि मला जाणवले की तिच्या बरगड्या फुगत होत्या, थांबत होत्या, हळूहळू खाली येत होत्या. सगळे श्वास ती नेमक्या जागी घेत होती. ती पूर्ण गाणे गात होती. फक्त ओठ मिटलेले होते.

मग पडदा खाली आला.

परतीच्या बसमध्ये संघाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या की आता आपल्या पोरांना तिथे कोण घेणार, एकीच्या मानापायी सगळ्यांचे दार लागले. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणत नाही. ताता पुढच्या रविवारी मंडळात तिच्याशी बोलले नाहीत. त्यांनी तिला मागच्या रांगेत उभे केले, आणि ती उभी राहिली.

वर्तमानपत्र सोमवारी आले. मी ते नोवेथूच्या स्वयंपाकघरात बसून, बोट ठेवून, सावकाश मोठ्याने वाचले. नोवेथू चुलीशी मक्याचे दाणे आणि घेवडा शिजवत होती. समीक्षक बहुधा घोषणेनंतर येऊन बसला असावा, कारण त्याने लिहिले होते की पहिल्या अंकात एल्साबे रू यांनी कळस गाठला. दीर्घ श्वासावरचा त्यांचा ताबा, शब्दांचे निर्दोष इटालियन उच्चार, शेवटचा स्वर मागे ओढून सोडण्यातली बुद्धी, या सर्वांतून व्हिएन्नातल्या त्यांच्या अनेक वर्षांच्या कठोर अभ्यासाचे दर्शन घडले. दुसरा अंक मात्र पडद्यामागच्या एका कर्मचाऱ्याच्या बेशिस्तीमुळे रद्द करावा लागला.

"बुद्धी असं लिहिलंय?" थोझामाने विचारले.

"हो. आणि कठोर अभ्यास."

"कुठं? दाखव."

मी बोट ठेवून दाखवले. तिने तो शब्द पुन्हा पुन्हा पाहिला. तिच्या सबंध आयुष्यात तिच्या गाण्याविषयी कुणा जाणकाराने लिहिलेली ती पहिली खरी वाक्ये होती, आणि ती दुसरीच्या नावावर जमा झाली होती. तोच आवाज काळ्या तोंडातून आला की रक्त, आणि गोऱ्या तोंडातून आला की अभ्यास. मला त्या कागदाला हात लावावासा वाटेना. मी बोट घागऱ्याला पुसले.

त्याच आठवड्यात मिस्टर हार्टविख आमच्या रस्त्यावर आले. त्यांची मोटार पाहून शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. नोवेथूने त्यांना खुर्ची दिली आणि घरी केलेले आल्याचे आंबवलेले पेय काचेच्या पेल्यात भरून दिले. घरी आलेल्या माणसाला काही प्यायला दिल्याशिवाय बोलणे सुरू करत नाहीत, मग तो कुणीही असो. ते चवीने प्याले आणि घर नीटनेटके असल्याचे त्यांनी सांगितले.

"हो, इतकी वर्षं तुमच्या लोकांची घरं लावली, हात बसलाय," नोवेथू म्हणाली.

ते थोझामाकडे वळले. एल्साबे रू यांचा आवाज परत आलेला नाही. शनिवारी पुन्हा प्रयोग आहे. झाले गेले विसरावे. या वेळी थोझामाचे नाव पडद्यासमोर घेतले जाईल, ते स्वतः घेतील.

"आणि उभी कुठं राहू?" थोझामाने विचारले.

त्यांनी पेल्याच्या तळाशी पाहिले. "तुला आमच्या देणगीदारांची अडचण कळत नाही. हळूहळू होईल सगळं. पुढच्या वर्षी तुमच्या लोकांसाठी एक खास संध्याकाळ करायचं मनात आहे. मणी, ढोल, तुमची स्वतःची गाणी. त्यात तू अगदी मध्यभागी."

थोझामा फळीजवळ गेली, घडी केलेले वर्तमानपत्र काढले आणि त्यांच्या हातात दिले.

"यात लिहिलंय की त्या बाईंनी फार चांगलं गायलं," ती म्हणाली. "व्हिएन्नाला शिकल्यात. मग त्यांनाच गायला सांगा. माझ्याकडं मण्यांची माळही नाही."

ते उठले, त्यांनी नोवेथूचे आभार मानले आणि गेले. शनिवारचा प्रयोग झाला नाही. ऑपेरागृहाने तिला पुन्हा बोलावले नाही, दुसऱ्या कुणीही नाही. ती बेशिस्त आहे ही ख्याती दूरच्या शहरांपर्यंत तिच्याआधी पोहोचली. ती अजून बंदरावर मासे कापते. राणीचे ते गाणे तिने वाद्यांबरोबर एकदाही गायले नाही, आणि आता तिचे वय पाहता गाईल असे वाटत नाही. अलीकडे विद्यापीठातली तरुण मुले तिला शोधत येतात आणि विचारतात की एवढा नैसर्गिक आवाज वाया गेला याचे दुःख होते का. त्यांना मी दारातूनच परत पाठवते.

त्या दिवशी मोटार वळणाआड गेल्यावर नोवेथूने खुर्चीशेजारचा पेला उचलला. तिने आयुष्यभर गोऱ्यांच्या घरी काम केले होते, आणि प्रत्येक घरात तिच्यासाठी नळाखाली एक वेगळा पत्र्याचा मग ठेवलेला असे.

"हा बाजूला ठेवू का गं?" तिने विचारले.

"नको," थोझामा म्हणाली. "पेल्यानं काय केलंय?"

नोवेथूने पेला धुतला, पुन्हा एकदा धुतला, आणि इतर पेल्यांत ठेवून दिला.